शिंदळ माकुडी की नरक्या? जागा अर्धा एकर

कड्यावरची | १९ जुलै, रात्री ९:१२

आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला ग्रामपंचायतीने रोपवाटिकेसाठी अर्धा एकर जागा दिली आहे. गाव सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्याला लागून. विहीर आहे, कुंपण तेवढं घालायचंय. मी शाळेत शिकवते, त्यामुळे लोकजैवविविधता नोंदवही लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या निमित्ताने गेली दोन वर्षं मी गावातल्या जुन्या माणसांबरोबर रान हिंडते आहे.

परवाच्या बैठकीत दोन तट पडले. तरुण मुलांचं म्हणणं, शिंदळ माकुडी लावू. आमच्या समोरच्या कड्यावर ती आहे. जगात फक्त महाराष्ट्रात सापडणारी वनस्पती, गावाच्या वेशीवर फलक लावता येईल, शाळांच्या सहली येतील. दुसरीकडे आमचे एक आजोबा, आयुष्यभर गुरं राखलेले. ते एवढंच म्हणाले, "माकुडी माझ्या आज्याच्या वेळी कड्यावर होती, आजबी तिथंच हाय. नरक्या माझ्या डोळ्यांदेखत गेला. त्याचं काय करता ते बोला."

बैठक तिथेच थांबली. मला उत्तर देता आलं नाही.

एक कड्याला लोंबणारी मांसल वनस्पती, दुसरं सदाहरित रानातलं लहानसं झाड. कुळं वेगळी, जागा वेगळी, धोका वेगळा. दोघांची तुलना तरी कशी करायची? 'कोण जास्त धोक्यात' हे ठरवायची काही रीत आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मी प्रतिसाद छापून समितीत वाचून दाखवणार आहे.

---

गडवाट | १९ जुलै, रात्री १०:४०

शिंदळ माकुडी मी पहिल्यांदा शिवनेरीच्या कड्यावर पाहिली. सप्टेंबर अखेर होती. खडकाच्या भेगेतून बोटाएवढ्या जाड, हिरव्या कांड्या खाली लोंबत होत्या आणि त्यांवर तपकिरी-लाल रंगाची पाच पाकळ्यांची चांदणी, मधे पिवळे डाग. रुपयाएवढंच फूल, पण त्या काळ्या बेसॉल्टवर नजर हटत नाही. पुढे वज्रगडावर आणि सज्जनगडाच्या बाजूलाही पाहिली. आता पावसाळा सरताना कुठल्याही गडावर गेलो की आधी दुर्बीण कड्याकडे वळते.

एक गोष्ट मनाला लागून आहे. काही वर्षांपूर्वी एका गटाबरोबर तटबंदीच्या सफाईला गेलो होतो. झुडपं काढता काढता आमच्यातल्या एकाने बुरुजाखालच्या कपारीतला माकुडीचा अख्खा झुबका 'गवत' म्हणून ओढून काढला. उन्हाळा होता, पानं गळलेली. नुसत्या सुरकुतलेल्या कांड्या ओळखणार कोण? माझ्या लक्षात आलं तोवर तो झुबका दरीत गेला होता. गडसंवर्धन करणाऱ्यांना ही वनस्पती पानांशिवायही ओळखता आली पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

माझं मत तरुण मुलांच्या बाजूने. आपल्याकडे आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, तर जबाबदारी आपलीच.

---

केतकी_म | २० जुलै, सकाळी ७:५५

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. प्रश्न फार चांगला विचारलाय, म्हणून थोडं लांबण लावून लिहिते.

आधी नावं, कारण याद्या शोधताना तिथेच फसायला होतं. शिंदळ माकुडीचं जुनं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं नाव तिला दिलं. एका प्रजातीसाठी एक स्वतंत्र प्रजाती-गट, असा तिचा मान होता. पुढे तिला कॅराल्युमात घातलं, मग बुसेरोशियात. त्यामुळे एका यादीत ती फ्रेरिया इंडिका म्हणून सापडेल, दुसरीत बुसेरोशिया फ्रेरेई म्हणून. कुळ रुईचं. माकडशिंग म्हणतात ती तिची जवळची नातलग, पण माकडशिंगाला पानं नसल्यासारखीच असतात आणि हिला पावसात चांगली जाड, हिरवीगार पानं येतात.

नरक्याचीही तीच गत. जुन्या पुस्तकांत मॅपिया फोएटिडा, मग नोथापोडायटिस फोएटिडा, आता नोथापोडायटिस निम्मोनियाना. फोएटिडा म्हणजे दुर्गंधी. फुलांना घाण वास येतो म्हणून काही भागांत त्याला घाणेराच म्हणतात. शेवटचं नाव मुंबईतल्या निम्मो या वनस्पतीप्रेमीच्या स्मरणार्थ. नरक्या आपल्या सह्याद्रीपुरता नाही, श्रीलंकेत आणि ईशान्य भारतातही आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता धोका मोजायची रीत. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत प्रजातीला अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित अशा पायऱ्या देतात. त्यासाठी पाच निकष आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक पुरला तरी चालतं. आपल्याला दोन पुरेत.

पहिला घटीचा. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा तो धरायचा आणि संख्या किती घटली ते पाहायचं. नेहमीच्या हिशोबात ३० टक्के घट झाली तर असुरक्षित, ५० टक्क्यांना संकटग्रस्त, ८० टक्क्यांना अतिसंकटग्रस्त.

दुसरा विस्ताराचा. प्रजाती प्रत्यक्ष किती जागा व्यापते ते दोन किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन टाकून मोजतात. २,००० चौरस किलोमीटरांहून कमी असेल तर असुरक्षित, ५०० हून कमी तर संकटग्रस्त, १० हून कमी तर अतिसंकटग्रस्त. मात्र नुसती जागा कमी असून भागत नाही. ठिकाणं मोजकी असणं, घट चालू असणं किंवा संख्येत टोकाचे चढउतार असणं, यांतल्या दोन गोष्टी तरी जोडीला लागतात.

शिंदळ माकुडी दुसऱ्या निकषाची. समजा तिची दहा ठिकाणं धरली, तर दहा चौकोन म्हणजे ४० चौरस किलोमीटर. संकटग्रस्ताच्या मर्यादेच्या कितीतरी आत. पण आजोबा म्हणतात तसं ती आज्याच्या वेळेपासून तिथेच असेल, तर 'घट' कुठे आहे हा प्रश्न उरतोच.

नरक्या पहिल्या निकषाचा. रान मोठं, ठिकाणं असंख्य, विस्ताराच्या निकषाने तो कधीच अडकणार नाही. पण झाडाची एक पिढी पंधरा वर्षांची मानली तरी तीन पिढ्या म्हणजे ४५ वर्षं होतात. या ४५ वर्षांत त्याचं काय झालं, ते सांगायला इथे माझ्याहून योग्य माणसं आहेत.

म्हणजे एक दुर्मिळ आहे आणि दुसरा कमी होतोय. बोलताना आपण दोन्हीला 'दुर्मिळ' म्हणतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

---

जुना_बीटगार्ड | २० जुलै, रात्री ८:३०

मी वनखात्यात वनरक्षक होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. टायपिंग नातू करतोय, मी सांगतोय.

नोकरीत रुजू झालो तेव्हा नरक्याला कोणी हात लावत नव्हतं. सरपणाला बरं नाही, फर्निचरला नाही, गुरं खात नाहीत, वास घाण. गस्तीवर असताना पावसाळ्यात वास आला की समजायचं, जवळपास नरक्या फुललाय. पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून असतात, देठ लांब, साल करडी आणि फुगीर ठिपक्यांची. ओळखायला सोपं झाड.

मग हळूहळू गावात माणसं यायला लागली. किलोवर भाव देतो म्हणायची. ज्यांच्या घरात पैसा नाही ती माणसं कुऱ्हाड घेऊन रानात शिरली. मी त्यांना दोष देत नाही, मजुरी मिळत होती. आधी फांद्या, मग बुंधा, मग कोणीतरी सांगितलं की मुळात माल जास्त आहे. तेव्हापासून मुळासकट उपटायला लागले. तुकडे करून पोत्यात भरायचे, वरून दुसरं लाकूड टाकायचं, रात्री टेम्पो. आम्ही काही गाड्या पकडल्या. पंचनामा करताना पोतं उघडलं की तो ओला वास यायचा, अजून आठवतो.

सांगायची गोष्ट ही, की नरक्या तोडला तर मरत नाही. बुंधा गुडघाभर ठेवला तर पुढच्या पावसात चार-पाच फुटवे येतात. आमच्या बीटात, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, असे फुटलेले खुंट अजून आहेत. पण मुळासकट काढला की तिथे खड्डा राहतो, आणि खड्ड्यात रानमोडीचं तण शिरतं. एका ओढ्याच्या काठाने मी पूर्वी चालताना डाव्या हाताला नरक्या मोजत जायचो, चाळीसच्या वर. नोकरी सोडली त्या वर्षी त्याच वाटेने गेलो. तीन उभे होते, तिन्ही मनगटाएवढे.

बाईंच्या गावचे आजोबा खरं बोलतायत.

---

रसायनी | २१ जुलै, सकाळी ११:०५

भाव का आला, ते मी सांगतो. आयुष्य सेंद्रिय रसायनशास्त्रात गेलं.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा पदार्थ वेगळा केला. कर्करोगाच्या पेशींवर तो चालत होता. यातले मनसुख वाणी मूळचे आपले, जन्म १९२५ सालचा नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे टॅक्सॉल हे दुसरं मोठं औषधही याच जोडीने शोधलं. नंदुरबारच्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

त्यानंतर १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच पदार्थ आपल्या नरक्यात सापडल्याचं प्रसिद्ध केलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. म्हणजे चीनच्या एका झाडात आणि सह्याद्रीतल्या एका झाडात, ज्यांचं एकमेकांशी नातं नाही, निसर्गाने तोच रेणू घडवला होता.

मूळ पदार्थ तसाच माणसाला देणं जमलं नाही. सत्तरच्या दशकातल्या चाचण्यांत मूत्राशयाला इजा झाल्या आणि काम थांबलं. १९८५ च्या सुमारास कळलं की तो पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) पकडतो. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवायचं काम हे विकर करतं, ते अडकलं की पेशी मरते. मग त्याच रेणूत बदल करून दोन औषधं तयार झाली, टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन. १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. बीटगार्ड साहेबांच्या टेम्पोंमागचं कारण इथे आहे. प्रयोगशाळेत हा रेणू शून्यापासून बनवता येतो, पण त्यापेक्षा झाडातून काढणं परवडतं. आणि लाकडात त्याचं प्रमाण शेकडा एक भागाहूनही पुष्कळ कमी, म्हणून पोती लागतात.

आणखी एक. सगळे नरक्या सारखे नसतात. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटभर झाडं तपासली तेव्हा काही झाडांत हा पदार्थ इतरांच्या कितीतरी पट निघाला. एखाद्या दरीतला नरक्या संपला तर संख्या तर घटतेच, शिवाय कदाचित सर्वांत मोलाचा वाणही जातो.

---

मीनल_ठाणे | २१ जुलै, दुपारी ३:२०

मी इथे सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

माझ्या बाबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. त्यांना आयरिनोटेकॅन दिलं. दर पंधरा दिवसांनी सलाईन. त्या बाटलीवरचं नाव मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे मिटून लिहीन. बाबा त्यानंतर साडेतीन वर्षं आमच्यात होते. माझ्या मुलाला त्यांनी सायकल शिकवली.

ते कुठल्या झाडापासून येतं हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. जुना_बीटगार्ड काकांनी लिहिलेला तो खड्डा आता डोळ्यांसमोरून जात नाही. औषध बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. पण ते झाड लावणं एवढं अवघड आहे का? अर्धा एकरात किती झाडं होतील?

---

केतकी_म | २१ जुलै, रात्री ९:४५

मीनल, तुझं लिहिणं वाचून थांबले. मनापासून लिहिलंस, आभार.

लावता येतं. बियांपासून रोपं होतात. फुलं पावसाळ्यात, फळं नंतर थंडीत पिकून जांभळट होतात. बी ताजं असतानाच पेरावं, ठेवणीतलं बी रुजत नाही असा माझा अनुभव आहे. काही झाडांवर फक्त नर फुलं असतात, त्यांना फळ धरत नाही, म्हणून बी गोळा करण्याआधी फळणारी झाडं हेरून ठेवावी लागतात. आणि एकाच झाडाचं बी सगळ्या रोपवाटिकेत लावू नये. आठ-दहा झाडांचं, वेगवेगळ्या ओढ्यांवरचं आणावं.

औषध शेतातून यावं आणि रानाला हात लागू नये, हे होऊ शकतं. जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन सापडलं होतं, तो मार्गही शोधला जातोय. पण आज तरी झाड लावणं हाच हाताशी असलेला उपाय.

---

गच्चीबाग | २२ जुलै, सकाळी ६:५०

नाशिकहून. मी मांसल वनस्पती वाढवतो. शिंदळ माकुडी माझ्याकडे टांगत्या कुंडीत आहे, एका वनस्पती उद्यानाच्या रोपविक्रीतून रीतसर घेतलेली. कांडी तोडून दोन दिवस सावलीत सुकवली आणि वाळू-मातीत खोचली की मूळ धरते. इतकी सोपी वनस्पती क्वचित मिळते. युरोपात, जपानमध्ये हौशी लोकांकडे ती वर्षानुवर्षं आहे. म्हणून मला खरंच समजत नाही, जी गोष्ट जगभर कुंड्यांत आहे ती धोक्यात कशी? पूर्वी हिला जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वनस्पतींत धरायचे. आज ती परिस्थिती राहिली आहे का?

---

केतकी_म | २२ जुलै, रात्री १०:१०

गच्चीबाग, चांगला प्रश्न. लाल यादी कुंड्या मोजत नाही, फक्त रानातली संख्या मोजते. आफ्रिकन व्हायोलेट घराघरांतल्या खिडक्यांत आहे, पण टांझानियाच्या डोंगरांतली तिची मूळ रानं कमी होत चालली आहेत.

शिवाय कांडीपासून केलेलं रोप म्हणजे त्याच झाडाची नक्कल. हजार कुंड्यांमागे मूळ झाडं चार-पाचच असू शकतात. कड्यावर मात्र माशा परागण करतात, रुईसारखी जोडशेंग धरते, म्हाताऱ्या उडतात आणि बी नव्या भेगेत रुजतं. ती देवघेव कुंडीत होत नाही.

आणि ही वनस्पती जगते कशी, तेही सांगते. १९७७ साली ओटो लांगे आणि मार्गारेट झुबर या जर्मन शास्त्रज्ञांनी हिच्यावर सुंदर काम केलं. पावसात आलेली पानं सर्वसाधारण झाडांसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि झपाट्याने वाढतात. खोड मात्र निवडुंगासारखं रात्री छिद्रं उघडून तो साठवतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही. पाऊस सरला की पानं टाकून द्यायची आणि खोडावर उन्हाळा काढायचा. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, या सह्याद्रीच्या कड्यासाठीच जणू ती घडली आहे. हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मलाच नव्याने आनंद होतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. तेव्हापासून शोध घेणारे वाढले, दोर लावून कडे तपासले गेले आणि नवी ठिकाणं सापडत गेली. म्हणजे ती वाढली असं नाही, आपल्याला दिसायला लागली. माझं मत असं, की ती दुर्मिळ आहे आणि राहील, पण कडा शाबूत असेल तर ती स्वतःला सांभाळते. तिला धोका वणव्याचा, कडा फोडून काढलेल्या रस्त्याचा आणि ओरबाडून नेणाऱ्यांचा.

---

अधिनियम | २३ जुलै, दुपारी १२:३०

कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात. १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याला वनस्पतींची अनुसूची जोडली तेव्हा तीत फक्त सहा होत्या: बेडोमचा सायकस, निळी वांडा, तांबडी वांडा, कूठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. आपल्या दोघांपैकी एकही तीत नव्हतं.

रानातून गोळा केलेल्या वनस्पतींच्या निर्यातबंदीची १९९८ ची २९ नावांची यादी पाहा. तीत शिंदळ माकुडी आहे. नरक्या नाही. जी वनस्पती हौशी लोक कुंडीसाठी नेतात तिला दार बंद, आणि ज्याची पोतीच्या पोती रानाबाहेर गेली त्याचं नावच नाही. नरक्याला संरक्षण मिळतं ते वनकायद्यातून, राखीव वनातली तोड आणि विनापरवाना वाहतूक एवढ्यापुरतं. खासगी मालकीच्या रानात तर तेही सैल.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३८ खाली नामशेष होण्याच्या वाटेवरची प्रजाती राज्याशी सल्लामसलत करून अधिसूचित करता येते. तुमच्या समितीने नोंदवहीत नरक्याची मोजणी व्यवस्थित लिहिली तर अशा मागणीला आधार मिळेल. घटीचा निकष लावायला जुना आकडा लागतो. बीटगार्ड साहेब चाळीसावरून तीनवर आले असं सांगतात, हाच तो आकडा. तो त्यांच्या सहीने नोंदवहीत घ्या.

---

गडवाट | २३ जुलै, रात्री ११:१५

मी पहिल्या दिवशी घाईने मत दिलं. केतकीताईंचं आणि बीटगार्ड काकांचं वाचून ते बदलतोय. माकुडीला रोपवाटिका नकोच आहे, तिला तिचा कडा हवा. उलट कुंडीतली एकाच वाणाची रोपं आणून कड्यावर लावली तर तिथल्या मूळ वाणात मिसळतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुमच्या कड्याखाली सप्टेंबरात मी दुर्बीण घेऊन येईन. मुलांना खालूनच झुबके मोजायला शिकवू. ठरलेल्या तीन जागांवरून दरवर्षी त्याच आठवड्यात फोटो. दोर लावून वर जायची गरज नाही.

---

कड्यावरची | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

सगळे प्रतिसाद बैठकीत वाचले. पाऊण तास लागला. मीनलताईंचा वाचताना मला मधेच थांबावं लागलं, पुढचं आमच्या सरपंचांनी वाचलं.

ठरलं ते असं. अर्धा एकर नरक्याला. माकुडीचं एकही रोप लावायचं नाही, पण कड्याच्या माथ्यावर दरवर्षी गवत पेटतं तिथे जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची. हे काम तरुण मुलांनी स्वतःहून अंगावर घेतलं. फलकाबद्दल बराच वाद झाला. माकुडीचं नाव वेशीवर लावलं की लोक कुठे आहे ते विचारणार आणि एखादा कड्यावर चढणार, म्हणून फलक नको असं शेवटी ठरलं. मुलं हिरमुसली, मलाही वाईट वाटलं.

आजोबा काही बोलले नाहीत. जाताना फक्त विचारलं, "बी कुठनं आणणार?"

---

जुना_बीटगार्ड | ७ ऑगस्ट, सकाळी ९:००

बी मी दाखवतो. माझ्या जुन्या बीटात आणि शेजारच्या दोन देवरायांत फळणारी झाडं आहेत. देवराईत कुऱ्हाड चालली नाही म्हणून तिथली मोठी राहिली. आत्ता फुलोरा आहे, वासावरून सापडतील. आत्ताच येऊन खुणा करून ठेवा, नाहीतर थंडीत फळ शोधत फिराल. परिक्षेत्र कार्यालयाचं परवानगीपत्र मात्र आधी घ्या, मी सोबत येतो. देवराईतलं बी घ्यायचं तर गुरवाला आणि गावकीला विचारल्याशिवाय नको.

---

कड्यावरची | १८ जानेवारी, रात्री ९:३५

धागा वर काढते आहे. परवानगीला दोन महिने लागले, पण मिळाली. ऑगस्टमध्ये बीटगार्ड काकांबरोबर चौदा झाडांना खुणा केल्या होत्या. त्यातल्या पाचांना फळंच धरली नाहीत, नर असावीत. उरलेल्या नऊ झाडांचं बी वेगवेगळ्या पिशव्यांत आणलं, प्रत्येक पिशवीवर झाडाचा क्रमांक. प्रत्येक झाडाखाली निम्म्याहून जास्त फळं पाखरांसाठी तशीच ठेवली. आजोबा सोबत होते. एका झाडापाशी उभे राहून त्यांनी सालीवर हात फिरवला आणि म्हणाले, "एवढा जाड मी तीस वर्षांत बघितला नव्हता."

गर काढून बी त्याच दिवशी वाफ्यात घातलंय. वर झापांची सावली केली आहे. सप्टेंबरात गडवाट आले होते, मुलांनी कड्यावर २३ झुबके मोजले. जाळरेषेचं काम परवापासून.

देवराईतल्या त्या जाड झाडाचा फोटो खाली टाकला आहे.

---

जुना_बीटगार्ड | १८ जानेवारी, रात्री १०:०५

बाई, फोटो काढून टाका. मागे देवळाचा कळस दिसतोय, आमच्या भागातला कोणीही ओळखेल. वाफ्याला पाणी सकाळीच घाला, संध्याकाळी नको.

---

कड्यावरची | १८ जानेवारी, रात्री १०:११

काढला. कुणी उतरवून घेतला असेल तर कृपया पुढे पाठवू नका.